सावलीतलं पांढरं कसं रंगवायचं

गोदाघाटावर माणसं रंगवायला बसतोस, फार चांगलं. फक्त सावलीतल्या धोतराला ट्यूबमधला पांढरा थेट लावू नकोस. आपला मेंदू सावली वजा करून ‘कापड पांढरं आहे’ एवढंच सांगतो. दृष्टीचे अभ्यासक एडवर्ड एडेल्सन यांची १९९५ची बुद्धिबळाच्या पटाची आकृती बघ: सावलीतला फिका चौकोन आणि उजेडातला गडद चौकोन, दोन्हींचा करडा रंग एकच! छापून घे, ते चौकोन कापून शेजारी ठेव, तेव्हाच पटेल.

घाटावर जाड कागदाला दोन बारीक भोकं पाडून ने. एक डोळा मीट. एका भोकातून सावलीतलं धोतर बघ, दुसऱ्यातून नारोशंकराच्या देवळाचा उन्हातला काळा दगड. कडक उन्हात दोन्ही कधीकधी जवळजवळ सारखेच निघतात. धोतर निळसर करडं झालं तर होऊ दे.

चेहऱ्याचं जरा वेगळं. शेजारचा रंग बदलला की मधला बदललेला दिसतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३९ मध्ये सविस्तर मांडलं. कोऱ्या कागदावर चेहरा आहे त्यापेक्षा गडद भासतो आणि नवा हात तो उगाच फिका करतो. म्हणून मागची भिंत आधी लाव, मग गालाला हात घाल.