दोन राऊटर, एकच घर

प्रश्न : दारव्हा तालुक्यात आमचे घर आहे. समोरच्या खोलीत फायबरचा राऊटर. मुलीच्या अभ्यासासाठी मागच्या खोलीत जुना राऊटर वायरने जोडला. तेव्हापासून विजेची लाइन जाऊन आली की कधी नेट चालते, कधी नुसते वायफाय दिसते. नवीन राऊटर घ्यावा का?

उत्तर : भाऊ, खर्च करू नका. दोन्ही राऊटर आयपी पत्ते, म्हणजे घरच्या नेटवर्कमधल्या प्रत्येक उपकरणाचे आकडी पत्ते, वाटत असावेत. लाइन आली की मोबाइल नव्याने पत्ता मागतो आणि ज्याचे उत्तर आधी येईल त्याचा घेतो. जुना राऊटर बाहेर जायची वाट म्हणून स्वतःलाच दाखवतो. त्याच्याकडे ती वाटच नाही.

जुन्याची वायर काढा आणि लॅपटॉप फक्त त्यालाच जोडा. मुख्य राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर जुन्याला १९२.१६८.१.२५० द्या, मात्र हा आकडा मुख्य राऊटरच्या वाटपाच्या टप्प्याबाहेर हवा. मग जुन्याचे डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायची सोय, बंद करा. वायर परत लावताना ती जुन्याच्या लॅन पोर्टातच (घरातली उपकरणे जोडायचे भोक) जाऊ द्या, वॅनमध्ये (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटचे भोक) नाही. बहुतेक घरांत इथेच घोळ होतो. शेवटी मोबाइलचे वायफाय बंद-चालू करा.

लॅपटॉपवर १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर कोणत्याच राऊटरचे उत्तर पोहोचलेले नाही. आधी वायर तपासा. मागच्या खोलीपर्यंत नेलेली वायर उंदीर कुरतडतात. मुलीची परीक्षा जवळ असेल तर हे आजच करून घ्या.