घरावर झेंडा ‘लावला’ की ‘फडकवला’?

प्रश्न असा आला आहे: ‘१४ ऑगस्टला सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं, “आम्ही गॅलरीत झेंडा लावला.” एका शेजाऱ्यांनी लगेच दुरुस्ती केली, की पोस्टर लावतात, राष्ट्रध्वज फडकवतात. “लावला” म्हणण्यात अनादर होतो का? मी “ध्वजारोहण केलं” असं लिहायला हवं होतं का?’

तुमचं वाक्य बरोबर होतं. मी तर म्हणेन, घरच्या झेंड्याला याहून शोभणारं क्रियापद मराठीत नाही.

आपण घरात काय काय ‘लावतो’ ते बघा. देवापुढे दिवा लावतो, अंगणात तुळस लावतो, कपाळाला कुंकू लावतो, दसऱ्याला दाराला तोरण लावतो, दिवाळीला आकाशकंदील लावतो. माणसाला जीवही लावतो. शेजाऱ्यांना पोस्टर आठवलं, पण या शब्दाचं गोत्र दिव्याचं आणि तुळशीचं आहे. शिवाय १७५८ साली मराठी फौजा सिंधूपर्यंत पोहोचल्या, त्याची आठवण आपण ‘अटकेपार झेंडे लावले’ अशीच सांगतो. कुणी ‘रोवले’ म्हणतं, कुणी ‘फडकवले’. पण ‘लावले’ म्हटल्यावर त्या पराक्रमाला कमीपणा आला, असं आजवर कुणाला वाटलेलं नाही.

‘काय मोठे झेंडे लावलेस?’ हा टोमणा मात्र शेजाऱ्यांच्या मनात असू शकेल. त्यातला बोचरेपणा ‘काय मोठे’मध्ये आहे. झेंडा लावणं ही मोठीच गोष्ट आहे, हे त्या टोमण्यानेही गृहीत धरलेलं आहे.

आता ‘फडकवणे’. फडकणं हे काम खरं वाऱ्याचं. ऑगस्टच्या दमट, पडलेल्या हवेत गॅलरीतला झेंडा काठीला बिलगून राहतो, तेव्हाही तो लावलेला असतोच. ‘पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावर तिरंगा फडकवला’ या वाक्यात समारंभ आहे, गर्दी आहे, मान वर करून बघणं आहे. तिथे तो शब्द नेमका बसतो. (फडकवणे की फडकावणे, हेही अनेकदा विचारलं जातं. दोन्ही रूपं सर्रास चालतात. एका लेखनात एकच ठेवावं.)

‘ध्वजारोहण’ मात्र तुमच्या गॅलरीसाठी चुकलंच असतं. आरोहण म्हणजे चढणं. झेंडा खालून दोरीने वर चढतो, तेव्हा ते ध्वजारोहण. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावर असं होतं. २६ जानेवारीला कर्तव्यपथावर झेंडा आधीच वर बांधून ठेवलेला असतो, राष्ट्रपती दोरी ओढतात आणि तो उलगडतो. तुम्ही काठीला झेंडा बांधून ती कठड्याला सुतळीने आवळली. त्यात काही चढलं नाही. शाळेत आपण हे सगळे भेद एका शब्दात सामावून घेतले होते: झेंडावंदन. ‘सात वाजता झेंडावंदनाला ये.’ झेंडा चढला की उलगडला हे त्या शब्दाला विचारायचंच नाही. त्याचं लक्ष सलाम करणाऱ्या पोराकडे आहे.

‘ध्वज’ आदराचा आणि ‘झेंडा’ साधा, असाही एक समज दिसतो. तो मला मान्य नाही. १९२३ साली नागपुरात चरख्याचा तिरंगा घेऊन मिरवणुकीने जाण्याच्या हक्कासाठी देशभरातून आलेले लोक तुरुंगात गेले. जमनालाल बजाज त्यात होते, पुढे वल्लभभाई पटेलांनी तो लढा चालवला. मराठीत त्याचं नाव ‘झेंडा सत्याग्रह’. १९४२च्या सप्टेंबरात नंदुरबारच्या मिरवणुकीत पोलिसांच्या गोळ्यांनी पडलेल्या शाळकरी शिरीषकुमारच्या हाती होता तोही झेंडाच. या शब्दाने जे पेललं आहे, त्यानंतर त्याला आदराचं आणखी प्रमाणपत्र लागत नाही.

तुमच्या प्रश्नात नसलेली एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ‘झेंडा लावलास का?’ हा प्रश्न आहे. ‘झेंडा नाही लावलास?’ हा आरोप आहे. एक ‘नाही’ आत शिरलं की समोरच्याला आपल्या देशप्रेमाचा हिशेब द्यावा लागतो. २००२च्या ध्वजसंहितेने सामान्य नागरिकाला वर्षभर कधीही झेंडा लावायची मोकळीक दिली. २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवीन जिंदल यांच्या खटल्यात सांगितलं, की सन्मानाने राष्ट्रध्वज लावणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. म्हणजे आपण झेंडा लावू ‘शकतो’. त्याचं ‘लावलाच पाहिजे’ आपण एकमेकांवर लादू नये. ज्याच्या गॅलरीत झेंडा नाही, त्याच्या मनात काय आहे हे गॅलरी बघून कळत नाही. म्हणून मला ‘देशभक्ती’पेक्षा ‘देशप्रेम’ जवळचा वाटतो. भक्ती दिसावी लागते, प्रेम न दिसताही असतं.

लावण्याची एवढी चर्चा होते, तर उतरवण्याचीही व्हावी. २०२२च्या जुलैपासून घरावरचा झेंडा रात्रीही ठेवता येतो, त्यामुळे कित्येक झेंडे मग तिथेच राहतात. दिवाळीपर्यंत केशरी रंग उडून फिका पिवळा होतो, कडा दशा होऊन लोंबतात. फाटका, विटका झेंडा लावलेला राहू देऊ नये, हे संहितेतच आहे. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका सैन्यातून निवृत्त झालेले. ते संध्याकाळी झेंडा ‘उतरवतात’. केशरी आणि हिरवी पट्टी पांढऱ्या पट्टीखाली दुमडतात, मग पांढरी अशी घडी करतात की चक्र वर राहावं, आणि दोन्ही तळहातांवर धरून आत नेतात. पावसाची सर आली की काकू आतून ओरडतात, ‘अहो, झेंडा आत घ्या!’ वाळवण आत घ्यावं तसं. ‘आत घेणे’ हाही मला या घरगुती शब्दांतला एक अस्सल शब्द वाटतो.

झेंडा अगदी जीर्ण झाला की त्याचा मान राखून, खासगीत, शक्यतो जाळून तो ‘नष्ट करावा’ असं नियम सांगतो. ‘नष्ट करणे’ मराठी जिभेला जड जातं. आपली बांगडी फुटत नाही, वाढवते. नारळ फोडत नाही, वाढवतो. देवापुढचा दिवा विझत नाही, शांत होतो. काकांनी मागच्या वर्षी जुना झेंडा परसात जाळला, राख कुंडीत घातली आणि घरात येऊन काकूंना म्हणाले, ‘झेंडा शांत केला.’ कोशात हा अर्थ सापडणार नाही, पण मी तेव्हापासून तोच वापरतो.