पाचवीत कमी ऐकू येणारी मुलगी आलीय, पोरं तिला खेळात घेत नाहीत. समजून घेणं शिकवता येतं का? (कोल्हापूर)

येतं, पण ‘तिच्याशी नीट वागा’ असं बजावून नव्हे. खेळाचा नियम पोरांनाच बदलायला लावा. मी इथेच प्राथमिकला शिकवते, त्या अनुभवावरून सांगते. खो-खो घ्या. खो देताना पाठीला हात लावून ‘खो’ म्हणायचं असतं, त्यामुळे आवाज पोचला नाही तरी हात कळतो. अडतं ते शिट्टीपाशी. मग विचारा, “शिट्टीऐवजी काय करूया?” कुणीतरी रुमाल हलवायचं सुचवतंच. तोवर गप्प बसणं आपल्यालाच जड जातं! ‘शिट्टी ऐकूच आली नाही तर कसं वाटेल?’ हे खेळ संपल्यावर घामाघूम असताना विचारा. परिपाठात विचारलंत तर पाठ केलेली उत्तरं येतात. तिला पुढे उभं करून ‘हिला सांभाळून घ्या’ असं मुळीच सांगू नका. शिकवताना फळ्याकडे तोंड करून बोलू नका, तिला ओठ दिसायला हवेत. सर्वसमावेशक शिक्षण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातच आहे, त्यामुळे मुख्याध्यापकांकडे बिनदिक्कत मदत मागा. मात्र कुणी ‘ए बहिरे’ अशी हाक मारत असेल, तर तिथे खेळ पुरत नाही. त्या पोराला बाजूला घेऊन बोला, थांबलं नाही तर पालकांना बोलवा.