खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी पायाचा दगड निवडताना

समुद्री मासे पाळण्याच्या टाकीत तळाशी नैसर्गिक दगड रचण्याचा तुमचा विचार योग्यच आहे. मात्र दगड कोणत्या जातीचा आहे, हे आधी पाहावे. सह्याद्रीतला काळा बेसाल्ट पाण्यात सहसा काही सोडत नाही, परंतु तो जड आणि घट्ट असल्याने पाणी स्वच्छ ठेवणाऱ्या जिवाणूंना वस्तीसाठी जागा कमी मिळते, म्हणून भरपूर छिद्रे असलेलाच तुकडा निवडावा. कोकणातला जांभा सच्छिद्र दिसतो खरा, पण त्यात लोह फार असते; तो टाळावा, असेच मी सांगेन. चुनखडीवर व्हिनेगरचा थेंब टाकला की बुडबुडे येतात; असा दगड पाण्यात हळूहळू विरघळून त्याचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) वाढवू शकतो. गोड्या पाण्यात अनेकदा अडचणीचा ठरणारा हा गुण इथे चालतो, कारण समुद्री टाकीचा सामू ८.१ ते ८.४ च्या आसपासच राखायचा असतो. धातूसारखी पिवळी चमक असलेला दगड घेऊ नये. किनाऱ्यावरचे प्रवाळ तर कधीच उचलू नयेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार त्यांना संरक्षण आहे.

दगड ब्रशने घासून काही आठवडे खाऱ्या पाण्यात ठेवावा. रचताना तो वाळूवर न ठेवता आधी तळावर पक्का बसवावा आणि मगच वाळू पसरावी, कारण बिळे करणारे मासे व कोळंबी खालची वाळू उकरतात आणि सगळी रचना काचेवर कोसळू शकते.