वाचकांचे प्रश्न : कुंपणाचे खांब जमिनीलगतच का कुजतात?

प्रश्न : आमच्या आंब्याच्या बागेला काही वर्षांपूर्वी लोखंडी अँगलचे खांब काँक्रीटमध्ये बसवून काटेरी तारेचे कुंपण केले. खांब वरून धडधाकट दिसतात, पण बरेचसे जमिनीलगत मोडले आहेत. बाग खाडीजवळ असून अर्धी जागा कातळाची, तर अर्धी मातीची आहे. उरलेल्या बुडख्यांवरच नवे अँगल वेल्डिंग करून घ्यावेत, असा सल्ला मिळाला आहे. तसे केल्यास ते टिकतील का?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : बुडख्यावर वेल्डिंग करू नये, कारण जिथे खांब कुजला नेमका तिथेच जोड येईल आणि वेल्डिंगच्या उष्णतेने नव्या अँगलवरचा जस्ताचा थरही जळून जाईल. जुन्या खड्ड्याशेजारी नवा खड्डा घेणे खर्चाचे वाटले तरी तेच योग्य आहे.

चांगल्या काँक्रीटच्या पोटात लोखंड सहसा सुरक्षित राहते, कारण सिमेंटच्या अल्कधर्मी गुणामुळे त्यावर संरक्षक पापुद्रा तयार होतो. खारे वारे आणि मिठाचा अंश असलेली वाळू यांमुळे हा पापुद्रा तुटतो. त्यातही खांब काँक्रीटमधून बाहेर पडतो ती जागा सर्वांत नाजूक असते. पाऊस उघडल्यावर एखादा खांब जवळून पाहावा. लोखंड आणि काँक्रीट यांच्यामध्ये नख जाईल एवढी फट आणि तिच्याभोवती तांबूस कडे दिसेल. त्या फटीत खारट पाणी साचते, सुकते आणि पुन्हा साचते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्याने काँक्रीट तडकते आणि पाण्याला आणखी वाट मिळते. काँक्रीट जमिनीच्या पातळीला किंवा तिच्याखाली थांबवण्याची आपल्याकडची पद्धत म्हणजे खांबाच्या बुडाशी कायमचे डबके करून ठेवणे होय.

म्हणून काँक्रीट जमिनीच्या वर दोन-तीन इंच आणावे आणि त्याला थापीने चारही बाजूंनी बाहेरच्या दिशेने उतार द्यावा. हे काम घाईत उरकू दिले जाते, म्हणून मालकाने स्वतः उभे राहून करून घ्यावे. अँगल बसवण्यापूर्वी जमिनीच्या रेषेच्या वर-खाली सहा-सहा इंच डांबरी रंगाचे दोन हात द्यावेत. अँगल गरम जस्तात बुडवून गॅल्व्हनाइझ केलेला असावा आणि कापणे, भोके पाडणे ही कामे त्याआधीच उरकावीत.

मातीत सात फुटी खांबासाठी दोन फूट खोल खड्डा घ्यावा, तळाशी तो थोडा रुंद करावा आणि अँगलचे टोक मातीला टेकू न देता त्याखाली तीन इंच काँक्रीट ठेवावे. घट्ट कातळात सव्वा ते दीड फूट पुरते. मात्र ब्रेकरने पाडलेल्या भोकातील भुकटी पूर्ण काढून भोक ओले केल्याशिवाय काँक्रीट कातळाला धरत नाही. कोपऱ्याच्या आणि फाटकाच्या खांबांना तारेचा ताण सोसावा लागतो, त्यांना तिरके टेके द्यावेतच.

सिमेंट, वाळू आणि खडी यांचे प्रमाण 1 : 1.5 : 3 ठेवावे. 50 किलोच्या गोणीला, वाळूतील ओल धरून, पाणी 30 लिटरहून जास्त नसावे. हात चालायला सोपे जावे म्हणून पाणी वाढवले की काँक्रीट सच्छिद्र होते. खाडीची किंवा पुळणीची वाळू आणि विहिरीचे मचूळ पाणी वापरू नये, एवढी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. बाकी कितीही काळजी घेतली तरी आतूनच मीठ मिसळले असेल तर डांबरी रंग आणि जस्त काही वर्षेच तग धरतात.

काँक्रीटवर ओले गोणपाट टाकून किमान सात दिवस पाणी मारावे आणि तोवर तार ओढू नये. पाऊस गेल्यावर, नोव्हेंबरात काम काढल्यास माती खणायला फार कठीण झालेली नसते आणि पाणीही हाताशी असते. जुन्या खांबांचे वरचे धड तुकडे टेक्यांसाठी वापरता येतील. गंज खरवडून त्यांना जस्तयुक्त प्रायमर लावून घ्यावा.