सत्तरीतले आईबाबा आणि दोन लहान मुलं घेऊन मार्लेश्वरच्या गुहेत जाता येईल का? साप खरंच दिसतात का? गणपतीपुळे त्याच दिवशी होईल का?

प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ लिहिली आहे: "नाहीतर आईबाबांना पायथ्याशी बसवून आम्ही पटकन वर जाऊन येऊ." ती वाचली आणि हे उत्तर लिहायला बसले. असं करू नका.

माझ्या आईचं माहेर साखरपा. तुम्ही रत्नागिरीचे, म्हणजे देवरुखजवळच्या डोंगरातल्या या शंकराचं, मार्लेश्वराचं लग्न माहीत असणारच. दर मकरसंक्रांतीला साखरप्याची गिरिजादेवी नवरी म्हणून पालखीतून जाते, आंगवलीहून नवरदेवाची पालखी येते आणि लिंगायत पद्धतीने कल्याणविधी, म्हणजे लग्नसोहळा होतो. तुमच्याआमच्यासाठी ती यात्रा. साखरप्याच्या बायकांसाठी ते घरचं कार्य, त्यांची लेक दिलीय तिथे. आई लहानपणापासून मार्लेश्वराला 'जावई' म्हणते आणि ते गमतीने म्हणत नाही.

आठ वर्षांपूर्वी संक्रांतीनंतरच्या आठवड्यात आम्ही सगळे गेलो. दादा, वहिनी, त्यांची मुलं, मी आणि एकाहत्तर वर्षांची आई. गाडीतून उतरल्यावर दादाने पायऱ्यांकडे बघितलं, मग आईच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "तुला झेपायचं नाही. तू इथेच बस." नारळवाल्या बाईच्या दुकानाशी बाकड्यावर तिला बसवलं, पाण्याची बाटली दिली, सगळ्यांच्या पिशव्या तिच्यापाशी ठेवल्या. मीही गप्प राहिले. अडीच तासांनी खाली आलो तेव्हा ती तशीच बसली होती, मांडीवर तिळगुळाचा डबा. देवरुख येईपर्यंत अवाक्षर बोलली नाही. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जावयाच्या दारातनं परत आले. आत या म्हणायलाही कुणी नव्हतं."

पुढच्या वर्षी मी तिला एकटीला घेऊन गेले. आदल्या रात्री देवरुखला मुक्काम केला आणि सकाळी सातला पहिल्या पायरीवर होतो. पायऱ्या पाचशेच्या वर आहेत. वीस झाल्या की टेकायचं, श्वास लागला की बोलायचं नाही, एवढं तिनेच ठरवलं. मागून आलेले लोक पुढे जायचे, दर्शन घेऊन उतरायचे, तरी आम्ही मध्येच. दोन तास दहा मिनिटं लागली. खरी अडचण वर होती. गुहेचं तोंड बुटकं, वाकून शिरावं लागतं आणि तिची कंबर वाकेना. क्षणभर थांबली, मग चक्क खाली बसली आणि सरकत सरकत आत गेली.

आत वीज नाही, समईचा उजेड. बाहेरच्या उन्हातून आल्यावर पहिली दोन मिनिटं काळोखाशिवाय काही दिसत नाही. बहुतेक लोक तेवढ्यात नमस्कार करून निघतात आणि बाहेर येऊन म्हणतात, साप दिसले नाहीत. कसे दिसणार? आई भिंतीला टेकून बसून राहिली. हळूहळू पिंड दिसायला लागली, मग खडकातल्या कपारी. तिनेच माझा हात दाबला आणि पुटपुटली, "ती बघ, शेपटी." मला ती सुतळी वाटली होती. मग सुतळी आत सरकली. खालच्या माणसांचा जुलूम असह्य झाला म्हणून शंकर ही गुहा गाठून राहिला, अशी गोष्ट ती आम्हाला सांगायची. त्या दिवशी सांगितली नाही. तिळगूळ ठेवला, "गोड बोला आमच्या पोरीशी" म्हणाली आणि निघाली.

दादा आजही म्हणतो, वाटेत काही झालं असतं तर जबाबदारी कुणाची? माझं म्हणणं एकच, तू तिला विचारलंस का? गुडघे तिचे, देव तिचा. पाचशे पायऱ्या ती बसत-उठत चढली असती. आपल्याला अडीच तासांत उरकायचं होतं म्हणून तिला 'झेपणार नव्हतं'. तुमच्या आईबाबांना आजच विचारा, निघायच्या दिवशी पायथ्याशी नको.

तुमचे बाकीचे प्रश्न. गणपतीपुळे त्याच दिवशी अजिबात नको. रत्नागिरीहून जायलाच दोन तास धरा, देवरुखपासून पुढचा सतराएक किलोमीटर रस्ता वळणांचा आहे. गणपतीपुळं वेगळ्या दिवशी करा. साप दिसतीलच असं नाही. मी सहा वेळा गेले, दोनदाच दिसले. आत मोबाईलचा टॉर्च लावू नका. लग्नाच्या दिवशी लहान मुलं नेऊ नका, गर्दीत त्यांना काही दिसत नाही आणि दारात चेंगरायला होतं. मुलांना तिथलाच धारेश्वर धबधबा दाखवा आणि सांगा, हायवेवर पूल ओलांडतो ती बावनदी इथूनच निघते. पावसात धबधबा बघण्यासारखा असतो, पण आईबाबा बरोबर असतील तर पायऱ्या ओल्या असताना नको. हिवाळाच बरा.

आणि हो, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा; आईला फक्त गुडघ्यांचं दुखणं होतं. इथले साप कुणाला चावत नाहीत असं सगळे सांगतात, आईचाही तोच विश्वास आहे, तरी मुलांचा हात कपारीत जाऊ देऊ नका. वाटेत माकडं असतात, खाऊचा डबा हातात दिसला की ओढतात. आईने तो वरपर्यंत पदराखाली धरला होता.