स्वतःच्या डोमेनसाठी सुरक्षित ईमेल सर्व्हर कसा उभा करायचा आणि तो चालवणं एकट्याला झेपतं का?

तुम्ही लिहिलंय की डोमेन आहे, छोटा व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) घेतलाय, लिनक्स बऱ्यापैकी येतं आणि घरच्यांचे चार-पाच मेलबॉक्स स्वतःच्या सर्व्हरवर हलवायचेत, तर सुरक्षित कसं करायचं आणि एकट्याला झेपेल का. झेपतं. मी गेली नऊ वर्षं चालवतोय, सात मेलबॉक्स आहेत. पण एक गोष्ट आधीच सांगतो कारण मला ती कुणी सांगितली नव्हती: सर्व्हर बसवायला एक शनिवार-रविवार पुरतो, तुमचं मेल बाकीच्यांनी इनबॉक्समध्ये घ्यायला लागावं याला काही आठवडे जातात, म्हणून सुरुवात सॉफ्टवेअरपासून करू नका, आयपीपासून, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्यापासून करा.

पहिलं बघा, पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) बाहेर जायला उघडा आहे का. बरेच क्लाउडवाले तो बंदच ठेवतात, काही तिकीट टाकल्यावर उघडून देतात, काही देतच नाहीत, आणि हे सगळं कॉन्फिगर करून झाल्यावर कळलं तर दोन दिवस वाया जातात. मग आयपी. तुम्हाला मिळालेला आयपी आधी कुणीतरी वापरलेला असतो, त्याने त्यावरून काय पाठवलं ते तुम्हाला माहीत नसतं, स्पॅमहॉसवर (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींची यादी ठेवणारी संस्था) शोधून बघा आणि यादीत असेल तर भांडत बसू नका, तो व्हीपीएस सोडून दुसरा घ्या. तिसरं म्हणजे रिव्हर्स डीएनएस, डीएनएस नावावरून आयपी सांगतं, हे उलटं आयपीवरून नाव सांगतं. हा रेकॉर्ड तुमच्या डोमेनच्या पॅनलमध्ये होत नाही, आयपी ज्यांचा आहे त्यांच्याकडे म्हणजे व्हीपीएसवाल्यांकडे करावा लागतो, आणि आयपीवरून जे नाव निघतं त्या नावावरून परत तोच आयपी निघाला पाहिजे, दुसऱ्या सर्व्हरशी बोलणं सुरू करताना (हॅलो) सर्व्हर जे नाव सांगतो तेही तेच ठेवा. आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीच्या लांब आयपीला रिव्हर्स नाव लावता येत नसेल तर पोस्टफिक्सला (मेल पाठवणारं-घेणारं सॉफ्टवेअर) सरळ फक्त आयपीव्ही४ वापरायला सांगा, नाहीतर जीमेलला जाणारं मेल अधूनमधून परत येत राहील आणि कारण शोधताना डोकं फिरेल.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर पोस्टफिक्स, डव्हकॉट (मेलबॉक्स ठेवून वाचायला देणारं) आणि आरस्पॅमडी (स्पॅम गाळणारं), एवढं पुरे. पोस्टफिक्स १९९८ साली व्हीत्से व्हेनेमा यांनी सेंडमेल या जुन्या मेल सर्व्हरला पर्याय म्हणून आणला आणि त्याची रचनाच अशी आहे की छोट्या छोट्या प्रोसेस कमीत कमी अधिकार घेऊन चालतात, एकात भोक सापडलं तरी सगळा सर्व्हर हातचा जात नाही, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास आहे. मेलकाऊ, मेल-इन-अ-बॉक्स अशी तयार पॅकेजंही चांगली आहेत, पण माझं मत विचाराल तर एकदा तरी हाताने बसवून बघा, एखाद्या फालतू डोमेनवर, मग हवं तर तयार पॅकेज वापरा, कारण रात्री मेल अडकलं की लॉग वाचता आला पाहिजे. क्लॅमएव्ही हा व्हायरस शोधणारा प्रोग्राम छोट्या व्हीपीएसवर लावू नका, तो एकटाच एक जीबीच्या वर रॅम खातो.

पोर्ट कमीत कमी उघडे ठेवा. २५ हा दुसऱ्या सर्व्हरांसाठी, ४६५ तुमच्या माणसांना मेल पाठवायला, ९९३ वाचायला. ५८७ जुन्या अॅपसाठी लागला तर ठेवा, पण ४६५ वर पहिल्या बाइटपासून टीएलएस (कनेक्शनचं एन्क्रिप्शन) असतं, ५८७ वर आधी साधं कनेक्शन होऊन मग स्टार्टटीएलएसने ते एन्क्रिप्ट होतं, २०१८ च्या आरएफसी ८३१४ या इंटरनेटच्या मानकातही ४६५ चीच शिफारस आहे. ११० आणि १४३, मेल वाचायचे जुने पोर्ट, बंद करून टाका. आणि पोर्ट २५ वर लॉगिन बंद ठेवा, तिथे लॉगिन करायचं तुमच्या घरच्यांपैकी कुणालाच काही कारण नाही, जो कोणी करतोय तो पासवर्ड चाचपडणारा बॉट आहे.

इथे बरेच जण एक चूक करतात, सुरक्षित करायच्या उत्साहात पोर्ट २५ वर टीएलएस सक्तीचं करतात, मग ज्यांच्या सर्व्हरला टीएलएस जमत नाही त्यांचं मेल येणंच थांबतं. तिथे 'जमलं तर टीएलएस' एवढंच ठेवा. समोरच्याने तुम्हाला पाठवताना सक्तीने एन्क्रिप्ट करावं असं वाटत असेल तर त्यासाठी एमटीए-एसटीएस आहे, एक छोटी पॉलिसी फाइल एचटीटीपीएसवर ठेवायची आणि डीएनएसमध्ये एक रेकॉर्ड, आधी टेस्टिंग मोडमध्ये ठेवा, काही आठवडे रिपोर्ट बघा, मग सक्ती करा. डोमेनला डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरांवर सही) असेल तर याच कामासाठी डेनही लावता येतं.

पण 'सुरक्षित' म्हणजे तुम्हाला नक्की काय हवंय ते ठरवा हं. टीएलएस फक्त वाटेत झाकतं, सर्व्हरवर मेल उघडंच पडलेलं असतं, आणि डिस्क एन्क्रिप्ट केली तरी मशीन चालू असताना व्हीपीएसवाल्याच्या हातात ते असतंच. मजकूर फक्त पाठवणारा आणि घेणारा यांनाच दिसावा असं हवं असेल तर पीजीपी किंवा एस-माइमने मेलच एन्क्रिप्ट करा, त्याचं काम तुमच्या सर्व्हरवर नाही, माणसांच्या मशीनवर होतं.

आता मेल खरंच तुमच्या डोमेनचं आहे हे पटवणारे डीएनएसमधले तीन रेकॉर्ड: एसपीएफ (कुठल्या आयपीवरून मेल येऊ शकतं), डीकिम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (हे जुळलं नाही तर काय करायचं). हे तिन्ही लावा, छोट्या सर्व्हरला सूट नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला ५००० च्या वर आणि याहूने मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचे केलेत आणि बाकीच्यांनाही निदान एसपीएफ किंवा डीकिम लागतंच. एसपीएफमध्ये दहाच्या वर डीएनएस लुकअप झाले की ते सरळ एरर धरलं जातं, म्हणून इन्क्लूडची, म्हणजे दुसऱ्यांच्या यादीकडे बोट दाखवणाऱ्या नोंदींची, माळ लावू नका, तुमचा एकच सर्व्हर आहे तर एक आयपी लिहून विषय संपवा. डीकिमची की २०४८ बिटची घ्या, फक्त ती डीएनएसमध्ये टाकताना २५५ अक्षरांची मर्यादा येते, दोन तुकडे करून टाकावी लागते, काही पॅनल हे आपोआप करतात काही शेपूट कापून टाकतात, त्यामुळे टाकल्यावर बाहेरून वाचून पूर्ण आलीय का ते बघाच. डीमार्क सुरुवातीला 'नन' वर (काही अडवू नका, फक्त कळवा) ठेवा आणि रिपोर्ट वाचा. घरातलं कुणी जुना पत्ता दुसरीकडे फॉरवर्ड करत असेल तर एसपीएफ तिथे फुटतं, डीकिम बहुतेक वेळा टिकतं, हे रिपोर्टमध्ये दिसतं. दोन-तीन महिने स्वच्छ गेले की 'रिजेक्ट' (न जुळणारं मेल नाकारा) करा, नाहीतर तुमच्या नावाने कुणीही मेल टाकत राहील.

आता खरा धोका कुठून येतो ते सांगतो. माझ्या सर्व्हरमध्ये कुणी कसलं भोक पाडलं नाही, पासवर्ड गेला. घरातल्या एकाने मेलचाच पासवर्ड दुसऱ्या कुठल्याशा साइटवर वापरला होता, ती साइट फुटली, आणि एका रात्री बॉटने रीतसर लॉगिन करून पाठवायला सुरुवात केली. सकाळी मेलक्यू, म्हणजे जाणाऱ्या मेलची रांग, बघितली तर अकरा हजार मेल अडकलेली, बाकी किती गेली ते वेगळंच, आयपी स्पॅमवाल्यांच्या दोन याद्यांमध्ये. यादीतून नाव काढायचा अर्ज तासाभराचा असतो पण मोठ्या मेल कंपन्यांकडे पत परत यायला मला दीड महिना लागला, तेवढे दिवस आमची साधी मेलंसुद्धा लोकांच्या स्पॅममध्ये जात होती आणि घरच्यांना मी काय सांगणार.

त्यानंतर मी जे केलं ते तुम्ही पहिल्याच दिवशी करा. प्रत्येक युजरला तासाला ठरावीक मेल, माझ्याकडे ६० आहे, घरच्या माणसाला याच्या वर कधी लागत नाही. रांगेत ५० च्या वर मेल साठली की फोनवर अलर्ट, आणि तो अलर्ट त्याच सर्व्हरच्या मेलवर नको. ज्या नावाने लॉगिन त्याच पत्त्यावरून पाठवता येईल असं पोस्टफिक्समध्ये बंधन घाला. पासवर्ड लोकांना निवडू देऊ नका, तुम्हीच लांबलचक तयार करून प्रत्येक डिव्हाइसला वेगळा द्या, एकदाच टाकायचा असतो, लक्षात ठेवायची गरजच नाही. वेबमेलला ओटीपी लावला म्हणून निर्धास्त राहू नका, तो वेबमेलच्या दारावर आहे, आयमॅप (मेल वाचायचं) आणि एसएमटीपीच्या (पाठवायचं) दारावर साधा पासवर्डच चालतो. फेलटूबॅन (चुकीचे पासवर्ड टाकणारे आयपी अडवणारा प्रोग्राम) लावा, पण हल्ली बॉट शेकडो आयपींवरून एकेक करून सावकाश प्रयत्न करतात, त्यांना तो पकडत नाही.

डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवायची सोय) चालवणार असाल तर एक गोष्ट नक्की तपासा. काही सेटअपमध्ये बाहेरून आलेलं प्रत्येक कनेक्शन पोस्टफिक्सला डॉकरच्या आतल्या गेटवेवरून आल्यासारखं दिसतं, आणि तो आयपी तुम्ही विश्वासाच्या नेटवर्कमध्ये टाकलेला असेल तर झालं, सगळ्या जगासाठी ओपन रिले उघडला, म्हणजे कुणीही तुमच्या सर्व्हरवरून मेल पाठवू शकतो. बाहेरच्या मशीनवरून लॉगिन न करता तिसऱ्याच डोमेनला मेल पाठवायचा प्रयत्न करा, 'रिले अॅक्सेस डिनाइड' आलंच पाहिजे.

तसंच स्पॅमहॉसची यादी वापरणार असाल तर सर्व्हरवर स्वतःचा अनबाउंड (डीएनएसला विचारणारा रिझॉल्व्हर) लावा. गुगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून विचारलं तर स्पॅमहॉसवाले खरं उत्तर देत नाहीत, एक एरर कोड देतात, १२७.२५५.२५५.२५४, आणि तुमचा सर्व्हर 'काहीतरी उत्तर आलं म्हणजे यादीत आहे' असं समजत असेल तर येणारं प्रत्येक मेल नाकारेल. आणि स्पॅम नाकारायचं तर कनेक्शन चालू असतानाच नाकारा. आधी घेऊन मग बाउन्स (मेल नाकारल्याचं उत्तर) पाठवला तर तो बिचाऱ्या भलत्याच माणसाला जातो, कारण स्पॅममधला पाठवणाऱ्याचा पत्ता खोटाच असतो.

देखभाल म्हणाल तर आठवड्याला अर्धा तास. सिक्युरिटी अपडेट आपोआप चालू ठेवा पण बातम्यांकडे लक्ष असू द्या, डिसेंबर २०२३ मध्ये एसएमटीपी स्मगलिंग (एका मेलच्या पोटात दुसरं खोटं मेल घुसवायची युक्ती) बाहेर आलं तेव्हा पोस्टफिक्समध्ये एक सेटिंगही बदलावं लागलं होतं, नुसती वाट बघून चाललं नसतं. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळणारं टीएलएस सर्टिफिकेट ९० दिवसांचं, रिन्यू आपोआप होतं, पण डव्हकॉट रीलोड केला नाही तर तो जुनंच धरून बसतो, माझ्याकडे एकदा सगळ्यांचे फोन एकाच दिवशी ओरडायला लागले होते ते यामुळेच. रिन्यू झाल्यावर आपोआप चालणाऱ्या हुकमध्ये रीलोड टाका.

सर्व्हर बंद पडला तर घाबरू नका, समोरचे सर्व्हर साधारण चार-पाच दिवस परत परत प्रयत्न करतात, म्हणून बॅकअप एमएक्सच्या (मेल घेणाऱ्या राखीव सर्व्हरच्या) भानगडीत पडू नका, स्पॅमवाले मुद्दाम तिथेच येतात. पण बॅकअप वेगळ्या कंपनीकडे रोज जाऊ द्या, मेलडिर (मेल साठवलेले फोल्डर), कॉन्फिग, डीकिमच्या की, आणि दर काही महिन्यांनी कोऱ्या मशीनवर खरंच उभं करून बघा.

एवढं करूनही आयपीची पत जमत नसेल तर येणारं मेल स्वतःच्या सर्व्हरवर आणि जाणारं एखाद्या पैसे घेणाऱ्या रिले सर्व्हिसमधून, असं करायला काही हरकत नाही, माझे दोन ओळखीचे असंच चालवतात आणि सुखात आहेत. फक्त मग एसपीएफमध्ये त्यांनाही घ्यायला विसरू नका.

शेवटचं राहिलंय ते, आजच करून टाका. डोमेन जिथून घेतलंय तिथल्या खात्याला आणि व्हीपीएसच्या खात्याला ईमेल पत्ता तुमच्या या नव्या डोमेनवरचा देऊ नका, बाहेरचा एखादा द्या. नाहीतर डोमेन संपत आल्याचं मेल त्याच बंद पडलेल्या सर्व्हरवर येईल आणि पासवर्ड रीसेटची लिंकसुद्धा तिथेच.